पन्नास कायदे, एक बाजार

अमेरिकेतील एखाद्या गावातल्या बंदुकीच्या दुकानात वीस वर्षांचा तरुण पिस्तूल विकत घ्यायला गेला, तर ते त्याला विकता येईल काय, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. १९६८ च्या संघीय कायद्याने परवानाधारक दुकानदाराला एकवीस वर्षांखालील गिऱ्हाइकाला पिस्तूल विकण्यास मनाई केली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्याला लांब नळीची बंदूक विकण्यास मात्र मुभा ठेवली. तेच पिस्तूल त्या तरुणाने दुकानाबाहेर, आपल्याच राज्यातील खाजगी मालकाकडून घेतले तर संघीय कायदा आड येत नाही. राज्याचा कायदा येईल किंवा येणारही नाही. त्यात २०२५ च्या जानेवारीत, टेक्सास व लुइझियानावर अधिकार असलेल्या संघीय अपील न्यायालयाने दुकानातील विक्रीची ही वयाची अट घटनाबाह्य ठरविली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये व्हर्जिनियाकडील अपील न्यायालयाने तीच अट वैध ठरविली. घटना एक, कायदा एक, आणि अर्थ दोन!

गिऱ्हाईक शेजारच्या राज्यातले असेल तर गुंता आणखी वाढतो. परराज्यातील माणसाच्या हाती दुकानदाराला पिस्तूल थेट देता येत नाही. ते गिऱ्हाइकाच्या राज्यातील परवानाधारक दुकानदाराकडे पाठवावे लागते. लांब नळीची बंदूक मात्र १९८६ च्या दुरुस्तीनंतर जागच्या जागी विकता येते, फक्त व्यवहार दोन्ही राज्यांच्या कायद्यांत बसला पाहिजे. म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या नोकराला आपल्या राज्याबरोबरच परराज्याचाही कायदा मुखोद्गत हवा. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावे लागते. इलिनॉयमध्ये बंदूक बाळगणाऱ्याजवळ राज्याचे ओळखपत्र असावे लागते. अन्य कित्येक राज्यांत यांपैकी काहीच नाही. व्हर्जिनियाने महिन्याला एकच पिस्तूल विकण्याचा नियम १९९३ मध्ये केला, २०१२ मध्ये रद्द केला आणि २०२० मध्ये पुन्हा आणला. अशा स्थितीत दुकानदार गोंधळला, गिऱ्हाईक गोंधळले आणि पोलीसही गोंधळला, तर नवल कसले?

तथापि हा गोंधळ म्हणजे केवळ संघराज्य पद्धतीचा अपरिहार्य परिणाम आहे असे मानणे भोळेपणाचे ठरेल. त्याचा बराचसा भाग हेतुपुरस्सर घडविलेला आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची १९६३ मध्ये टपालाने मागविलेल्या रायफलीने हत्या झाली; १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचे खून पडले; तेव्हा कुठे त्या वर्षीचा कायदा झाला. पुढे त्याला एकेक भोक पाडण्यात आले. १९८६ च्या कायद्याने बंदुकांच्या मालकीची मध्यवर्ती नोंदवही ठेवण्यास केंद्राला मनाई केली. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने गिऱ्हाइकाच्या पूर्ववृत्ताची तपासणी सक्तीची केली. पण ती स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर लादता येणार नाही, असा निकाल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुका कोणत्या दुकानांतून आल्या, ही माहिती जनतेपासून दूर ठेवण्याची तरतूद २००३ मध्ये झाली. १९९८ पासून न्यू ऑर्लिन्स, शिकागो आदी शहरांनी बंदूक कंपन्यांवर भरपाईचे दावे लावले, तेव्हा २००५ मध्ये काँग्रेसने कायदा करून अशा बहुतेक दाव्यांपासून कारखानदार आणि विक्रेते यांना अभय दिले. राज्याराज्यांतील कायदे विसंगत राहिले. कारखानदारांचे संरक्षण मात्र साऱ्या देशात एकसारखे झाले. ज्या संघराज्यात पिस्तूल विकण्याचा नियम एक करता येत नाही, त्यात पिस्तूल बनविणाऱ्याचे अभय एका फटक्यात एक करता येते. यातच सारे आले.

या गोंधळाची किंमत कोण मोजतो? १७ जून २०१५ रोजी दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे एका चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना वंशद्वेषाने ठार मारण्यात आले. मारेकऱ्याची अमली पदार्थांच्या प्रकरणी झालेली अटक नोंदीत होती आणि तिच्या आधारे विक्री नाकारता आली असती. पण कोणत्या पोलीस ठाण्याने अटक केली ही नोंद चुकीची पडली, तपासणी करणाऱ्याने भलत्याच ठाण्याकडे विचारणा केली, आणि तीन कामकाजाचे दिवस उलटताच संघीय कायद्याप्रमाणे दुकानदार विक्रीस मोकळा झाला. गुन्हेगार दोषी होताच. पण उत्तर न मिळाल्यास माल देऊन टाका, असे सांगणारा नियम कोणाच्या सोयीसाठी केला गेला? गिऱ्हाइकाला ताटकळावे लागू नये आणि विक्री बुडू नये यासाठीच ना?

अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की, राज्यांच्या सीमेवर तपासणी नाके नसताना माल सैल कायद्याच्या प्रदेशातून कडक कायद्याच्या प्रदेशाकडे वाहतो. शिकागोत पोलिसांच्या हाती लागणाऱ्या बंदुकांपैकी फार मोठा हिस्सा इलिनॉयबाहेरचा, विशेषतः शेजारच्या इंडियानातला असतो. आणि मग याच शिकागोकडे बोट दाखवून म्हटले जाते की, पाहा, कडक कायदे निरुपयोगी असतात! एका टोकाला गळणाऱ्या हौदाला दुसऱ्या टोकाला बूच मारून काय होणार? मिसुरीने तर २००७ मध्ये पिस्तूल खरेदीचा परवाना रद्द केला आणि २०२१ मध्ये आपल्याला घटनाविरोधी वाटणारे संघीय बंदूक कायदे अमलात आणणाऱ्या पोलीस यंत्रणेला दंडाची धमकी देणारा कायदाच केला. न्यायालयांनी तो पुढे अवैध ठरविला, परंतु दरम्यान पोलिसांनी कोणाचा कायदा पाळावयाचा होता?

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि समाजवाद्यांनी ती नजरेआड करता कामा नये. बंदूक कायद्यांचा आसूड पुष्कळदा गरीब व कृष्णवर्णीय यांच्याच पाठीवर उठला आहे. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स सशस्त्र दिसू लागताच कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी घातली, आणि त्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रेगन यांनी! २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा परवाना कायदा रद्द केला, त्या खटल्यात गरिबांची बाजू मांडणारे वकीलही त्या कायद्याविरुद्ध उभे होते. कारण परवाना ओळखीच्यांना मिळे आणि तुरुंग गरिबाला. भारतीयांना हे नवे नाही. ब्रिटिशांचा १८७८ चा शस्त्र कायदा साऱ्या देशाला एकच होता. त्यातून युरोपियनांना सूट होती. स्वतंत्र भारतातही शस्त्रे हा विषय केंद्राच्या सूचीत आहे आणि १९५९ चा कायदा सर्व राज्यांना लागू आहे. तेव्हा कायदा एक असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. तो सर्वांना समान हवा.

पण यावरून कायदाच नको असा निष्कर्ष काढणे म्हणजे बाजाराच्या पदरात माप टाकणे होय. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत ४८,८३० माणसे बंदुकीने मेली; त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. हातातोंडाशी पिस्तूल नसते तर त्यांतील कित्येक जण दुसरा दिवस पाहू शकले असते. म्हणून मागणी स्पष्ट हवी: साऱ्या देशाला लागू असा खरेदीचा किमान नियम, खाजगी विक्रीलाही तीच तपासणी, तपासणी पुरी होईपर्यंत माल हाती न देणे, परवान्यात लहरीला जागा नसणे, आणि कारखानदारांचे अभय संपविणे.

संदिग्ध कायदा श्रीमंताला अडवीत नाही, कारण त्याच्यापाशी वकील असतो. गरिबाला मात्र कायदा स्पष्ट शब्दांत लिहिलेला असेल तरच संरक्षण मिळते. अमेरिकेतील दुकानाच्या गल्ल्यावर जो गोंधळ दिसतो, तो अज्ञानाचा नाही. त्या गोंधळावर कोणाचा तरी धंदा चालतो. तो गोंधळ मोडून काढणे हे तेथील श्रमिकांचे, कृष्णवर्णीयांचे आणि त्यांच्या बाजूने उभ्या असलेल्या प्रत्येकाचे काम आहे.