दिवाळीची सुट्टी असेल तर हाँगकाँगच

पूर्वेकडच्या एखाद्या मोठ्या शहरात पाच-सहा दिवस घालवायचे ठरले की सिंगापूर की हाँगकाँग हा प्रश्न निघतो, आणि बहुतेक घरांत तो दहा मिनिटांत सिंगापूरच्या बाजूने सुटतो. हा निकाल घाईचा आहे, असे माझे म्हणणे आहे. पण सिंगापूरचा पूर्वपक्ष दुबळा नाही. तो नीट मांडल्याशिवाय खोडणे अन्यायाचे होईल. शहर स्वच्छ आहे, रात्री उशिरा एकट्या बाईला फिरताना धास्ती वाटत नाही, इंग्रजी सगळीकडे चालते आणि तमिळ तर चार अधिकृत भाषांपैकी एक आहे. मारिअम्मनचे देऊळ १८२७ पासूनचे, लिटल इंडियातले शाकाहारी कोमला विलास १९४७ पासूनचे. मुलांसाठी सेंटोसा आणि युनिव्हर्सल स्टुडिओ, मोठ्यांसाठी समुद्रकाठची ती प्रचंड बाग. शिवाय बेट इतके लहान की कुठूनही कुठेही जायला तासभर पुरतो.

या मुद्द्यांपैकी एकही खोटा नाही. मात्र नीट पाहिले तर यांतले बहुतेक मुद्दे गैरसोय टाळण्याचे आहेत. काय चुकणार नाही, कुठे अडणार नाही, काय खायला मिळेल याची ती खात्री आहे. सुट्टी कशासाठी घ्यायची या प्रश्नाला मात्र त्यांत उत्तर नाही. आणि गैरसोयीच्याच मापाने मोजायचे, तरी हाँगकाँग फारसे मागे पडत नाही. इंग्रजी तिथेही अधिकृत भाषा आहे आणि प्रत्येक स्थानकावर, रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर ती आहे. मेट्रो, बस, ट्राम, बोट या सगळ्यांना एकच ऑक्टोपस कार्ड चालते, तेही १९९७ पासून. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा काढावा लागतो. हाँगकाँगला चौदा दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी ऑनलाइन पूर्वनोंदणी पुरते आणि तिला शुल्क नाही. तेव्हा सोयीचा मुद्दा जवळजवळ बरोबरीत सुटतो, आणि खरा विचार त्याच्या पुढे सुरू होतो.

हाँगकाँग म्हटले की डोळ्यांपुढे एकाला एक चिकटलेल्या गगनचुंबी इमारती येतात. त्या आहेतच. पण साधारण ११०० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात बांधकामाखाली गेलेली जमीन पावभागच आहे, आणि जवळजवळ ४० टक्के भूमी राखीव वनोद्यानांची आहे. १९७६ साली त्यासाठी कायदा झाला. जिथे घराच्या चौरस फुटाला जगातल्या सर्वांत चढ्या किमतींपैकी एक किंमत पडते, तिथे एवढे डोंगर मोकळे राहिले, याचे श्रेय चढउताराच्या जमिनीला जेवढे, तेवढेच त्या कायद्याला. त्याचे फळ पाहुण्यालाही मिळते. हाँगकाँग बेटावरच्या मेट्रो स्थानकावरून बस धरली की थोड्याच वेळात ड्रॅगन्स बॅक या डोंगरधारेची वाट सुरू होते आणि दोन्ही अंगांना समुद्र दिसतो. मॅक्लेहोज ट्रेल १०० किलोमीटरची आहे, १९७९ साली खुली झाली, दहा टप्प्यांत विभागलेली आहे. ज्याला जेवढे झेपेल तेवढे त्याने चालावे. सर्वोच्च शिखर ताई मो शान ९५७ मीटर उंच. सिंगापूरचे सर्वांत उंच ठिकाण बुकित तिमा १६४ मीटरचे आहे. सह्याद्रीत चढउतार करणाऱ्या मराठी माणसाला या दोन आकड्यांतला फरक समजावून सांगायला नको.

त्यातही साय कुंगच्या किनाऱ्यावर जावेच. तिथे हाय आयलंड जलाशयाच्या पूर्व धरणापाशी षटकोनी दगडी खांबांची अखंड भिंत उभी आहे, सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्याने पाहिली आहे त्याला हे रूप ओळखीचे वाटेल, पण गिल्बर्ट हिल काळ्या बेसॉल्टची आणि साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची. साय कुंगचे खांब ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या, बऱ्याच फिक्या रंगाच्या खडकाचे आहेत. गिल्बर्ट हिलला झोपड्या आणि इमारतींनी गळ्यापर्यंत वेढले आहे. साय कुंगचे खांब युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानात जपले गेले आहेत. मुंबईच्या माणसाने हे दोन्ही पाहणे मला फार गरजेचे वाटते.

यावर एक चांगला आक्षेप येतो. सिंगापूरनेही स्वतःसाठी पुष्कळ राखले आहे; तिथली वनस्पतिबाग २०१५ पासून जागतिक वारसा आहे आणि हॉकर सेंटरांतली खाद्यसंस्कृती २०२० साली युनेस्कोच्या यादीत आली. मान्य, आणि सिंगापूरला जाल तेव्हा सेंटोसाचा एक दिवस कमी करून या दोन्हींना द्या. तरी फरक उरतो. सिंगापूरमध्ये पाहण्यासाठी बांधलेले आणि जगण्यासाठी वापरातले यांची बहुतांशी फारकत झाली आहे. हाँगकाँगमध्ये पाहण्याजोगी जी गोष्ट आहे, तिनेच लोक कामाला जातात. बेटाच्या उत्तर काठाने १९०४ पासून धावणारी, आता दुमजली असलेली ट्राम हे त्याचे उदाहरण. मुंबईतही दुमजली ट्राम होत्या. १९६४ साली शेवटची धावली. हाँगकाँगमध्ये त्या थोडक्या पैशांत भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाईंना घेऊन जातात आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून अख्खे शहर दाखवतात. बंदर ओलांडणाऱ्या स्टार फेरीचेही तेच. ती सेवा सुरू केली दोराबजी नौरोजी या पारशी गृहस्थांनी. १८९८ साली तिची स्टार फेरी कंपनी झाली. मुंबईत जन्मलेल्या होरमसजी मोदींच्या देणगीवर हाँगकाँग विद्यापीठाची पहिली इमारत उभी राहिली, आणि चिम शा चुईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. मुंबईची नाळ त्या बंदराशी जुनी आहे, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

शाकाहाराचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. साध्या हॉटेलात मागवलेल्या भाजीतही ऑयस्टर सॉस असू शकतो. पण बौद्ध परंपरेचा निखळ शाकाहार तिथे जुना आहे. लांताव बेटावरच्या पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळते. ची लिन मठ खिळ्यांशिवाय जोडलेल्या लाकडाचा, आणि त्याच्या शेजारच्या नान लियान बागेतही शाकाहारी उपाहारगृह आहे. हिऱ्यांच्या व्यापारामुळे स्थायिक झालेल्या गुजराती जैन कुटुंबांमुळे चिम शा चुईत कांदा-लसणाशिवायही जेवता येते, आणि वान चायच्या गुरुद्वारात लंगर आहे. उपाशी राहण्याची भीती निराधार आहे.

हाँगकाँग आता पूर्वीचे राहिले नाही, हा दुसरा आक्षेप. २०१९ ची आंदोलने, २०२० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, त्यानंतर बंद पडलेली वृत्तपत्रे हे सारे खरे आहे आणि दुःखद आहे. ते लपवून शिफारस करणे मला पटणार नाही. पण हे कारण पुढे करून सिंगापूरची निवड होत असेल तर ती टिकत नाही, कारण तिथेही परवान्याशिवाय निदर्शने करायला नागरिकांना एका बागेचा कोपरा तेवढा मोकळा आहे. आणि हाँगकाँगच्या लोकांकडे पाठ फिरवल्याने तिथल्या कुणाचे भले होत नाही.

एक बाब मात्र निर्विवाद सिंगापूरची आहे. आईवडिलांना गुडघ्यांचा त्रास असेल, किंवा सुट्टी मे महिन्यातच मिळत असेल, तर सिंगापूरला जा. हाँगकाँगच्या गल्ल्या चढाच्या आहेत, आणि मे ते सप्टेंबर तिथे उकाडा, धो धो पाऊस आणि पुढे वादळे असतात. याउलट दिवाळीच्या सुमारास तिथली हवा कोरडी होऊ लागते, डोंगरावरून दूरची बेटे स्वच्छ दिसतात, तर सिंगापूरच्या वर्षातले सर्वांत पावसाळी दिवस तेव्हा जवळ आलेले असतात. चालणारे पाय आणि दिवाळीची सुट्टी, दोन्ही हाताशी असतील तर हाँगकाँगचे तिकीट काढा, आणि सामानात चालायचे बूट आठवणीने घ्या.