राई गाव आणि आपली शिवारे



आपल्या भागातली पुष्कळ पोरं नोकरीधंद्यापायी मीरा रोड-भाईंदरला राहतात. स्टेशनवर उतरलं की नुसत्या इमारती. पण भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जो रस्ता जातो, त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही गावे आजही नांदती आहेत. पैकी राईविषयी लिहावे असे आम्हांस वाटते. ऊसवाल्यांना मिठागराच्या गावाशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. देणेघेणे आहे, म्हणूनच जागा अडवतो.

नाव झाडीचे, पण गावाचे पोट भरले ते भाताने आणि मिठाने. वस्ती मुख्यतः आगरी समाजाची. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीत भात, पावसाळा सरला की आगरात मीठ. उधाणाचे पाणी आत घ्यायचे, वाफ्यावाफ्यातून फिरवून उन्हात आटवायचे. यात नांगर नाही, पण घाम आपल्याइतकाच.

खरी गोष्ट आहे ती बांधाची. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध आणि पावसाचे पाणी बाहेर जायला उघाडी. बांध एकट्याचा कधीच नसतो. एकाच्या हद्दीत भगदाड पडले की खारे पाणी शेजाऱ्यांच्याही भातात जाते, आणि जमिनीतला खार धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात. म्हणून दोघांनी जमीन विकली आणि बांधाकडे बघणारे कोणी उरले नाही, की तिसऱ्याचे रान आपोआप पडीक होते. मग पडीक जमिनीला गिऱ्हाईक यायला किती वेळ? शहर गावात शिरते ते असे. दर वेळी बुलडोझर लागतोच असे नाही!

1985 साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, 1990 मध्ये राई-मुर्ध्याची ग्रामपंचायत तीत गेली, 2002 साली महानगरपालिका आली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8 लाखांवर होती. एवढ्या गर्दीत राईच्या बांधाचा ठराव कोण मांडणार?

तरी गावकरी गप्प बसले नाहीत. मेट्रो 9 ची कारशेड राई-मुर्धा-मोर्व्याच्या जमिनीवर ठरली, तेव्हा 2020 नंतरच्या वर्षांत त्यांनी एकजुटीने विरोध केला आणि कारशेड डोंगरीकडे नेण्याचे ठरले. 2025 साली तिथे हजारो झाडांच्या तोडीवरून पुन्हा ओरड झाली. आम्ही मेट्रोच्या विरोधात नाही. आपलीच पोरं लोकलला लोंबकळत जातात, त्यांना ती हवीच. पण नकाशावर रेघ मारण्याआधी शिवारात येऊन विचारायला काय हरकत होती?

1950 साली प्रवरेला कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांनी भाग गोळा केले म्हणून. ऊस एकत्र घालायला आपण शिकलो, जमीन मात्र एकेकट्याने विकतो. कारखान्याच्या रस्त्याला लागून प्लॉटिंग सुरू झाले आहे, आणि चाऱ्या, ओढे बुजत चालले आहेत हे सगळ्यांना दिसतंय. आमचे मत असे की, विकायचेच असेल तर आधी बांधाशेजारच्याला विचारावे, आणि सामाईक चाऱ्या-ओढ्यांची नोंद प्रत्येक गावाने आताच करून ठेवावी. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा. सूचना लेखी स्वरूपात गट ऑफिसात द्याव्यात.