ज्या नदीकाठी, तिचीच कादंबरी

वाशीम जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांना वेगळं करणारा उंचवटा आपल्या जिल्ह्यातून जातो. काटेपूर्णा इथं उगम पावते, उत्तरेला अकोला जिल्ह्यात उतरते आणि पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेवजवळ तापीत जाते आणि तापी अरबी समुद्रात. दक्षिणेकडच्या उतारावरचं पाणी मात्र पैनगंगेचं. ते वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत, सिरोंच्याजवळ गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. शेजारच्या दोन गावांच्या शिवारातलं पाणी असं दोन दिशांना निघून जातं आणि पुन्हा कधी भेटत नाही.

आपण या नद्या ओळखतो त्या जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत. त्या पुढे कोणाच्या दारावरून जातात, तिथली माणसं काय पेरतात, काय पितात, कशी बोलतात, हे शाळेच्या भूगोलात एका ओळीत आटोपतं. ती ओळ मला पुरली नाही. म्हणून हिवाळा लागला की मी सायकल काढतो आणि उगमाकडून खाली, नदीच्या काठाकाठानं निघतो. बॅगेत कपड्यांचे दोन जोड, पंक्चरचं सामान आणि एक कादंबरी. कादंबरी शक्यतो त्याच खोऱ्यातली, त्याच मातीतली. सकाळी सायकल, उन्हं चढली की सावली बघून वाचन, उन्हं कलली की पुन्हा सायकल.

लांब पल्ल्याची सायकल म्हटलं की आज बहुतेकांना ब्रेव्हे, म्हणजे वेळेची मर्यादा असलेल्या सायकलफेऱ्या, आठवतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. शरीराची आणि मनाची ती मोठी परीक्षा आहे आणि ती देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण नदीच्या वाटेला घड्याळ लावता येत नाही. नदी वळते तिथं रस्ता सोडून देते, मधे ओढा येतो, पूल चार किलोमीटर मागे असतो. युरोपात अटलांटिकच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत लुआर आणि डॅन्यूब नद्यांच्या काठानं आखलेला सायकलमार्ग आहे, पाट्यांसकट. आपल्याकडे आहेत त्या पांदणी. पाऊस पडला की काळी माती चाकाला अशी बसते की चाक मडगार्डमध्ये फिरेनासं होतं. म्हणून दिवाळीनंतर पांदण वाळली की निघायचं आणि होळीच्या आत परतायचं. त्या दिवसांत नदीत पाणी असतं, शेतात हरभरा असतो आणि कोणी ना कोणी हुळा खायला थांबवतंच.

या वाटेवर काट्यांची तयारी ठेवावी लागते. सराटे टायरला चिकटून येतात, पण खरा त्रास बाभळीच्या काट्याचा. तो दिसल्याबरोबर उपटायची घाई करू नये. काटा टायरमध्ये असतानाच त्या जागी खडूनं खूण करावी, मग ट्यूब काढावी. भोक नेमकं त्या खुणेसमोर सापडतं, पाण्याचं टोपलं शोधत फिरावं लागत नाही. ठिगळ लावून झालं की टायरच्या आतून हळूच बोट फिरवावं. काट्याचं मोडकं टोक बहुतेक वेळा आतच अडकलेलं असतं. ते राहिलं तर दुसरी ट्यूबही पुढच्या गावाच्या आत बसते. हे सगळं चालू असताना गावातली पोरं भोवती गोळा होतात आणि नदीची पुढची वाट तीच सांगतात.

काटेपूर्णेच्या वाटेला मी गो. नी. दांडेकरांची ‘पूर्णामायची लेकरं’ नेली होती. वाशीमच्या पठारावर ही नदी लहान आहे, काही ठिकाणी तर पायानं ओलांडावी एवढी. पुढे सागाच्या जंगलात शिरते. १९८८ साली जाहीर झालेलं काटेपूर्णा अभयारण्य वाशीम आणि अकोला अशा दोन्ही जिल्ह्यांत आहे, चौशिंगा आणि रोही यांचं घर. जंगल संपतं तिथं महानचं धरण. अकोला शहर पिण्याचं पाणी इथून घेतं. धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की आपल्या माथ्यावरचा पाऊस केवढ्या मोठ्या वस्तीची तहान भागवतो ते डोळ्यांना दिसतं.

मग नदी सपाटीला लागते आणि खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा. जमीन खोल आणि काळीभोर, पण जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीत पाणी दिसतं आणि पिता येत नाही. पिकाला दिलं तर त्यातल्या क्षारांनी माती घट्ट होत जाते, पाणी मुरायचं थांबतं. म्हणून इथला शेतकरी पावसाच्या ओलीवर हरभरा घेतो आणि पिण्याचं पाणी लांबून येणाऱ्या नळयोजनेवर सोडतो. एका घरी चहा देताना माउलीनं आधी सांगितलं, “नळाच्या पान्याचा हाय बरं.” पाहुण्याला गोड पाणी दिल्याचं समाधान त्या एका वाक्यात होतं. वरच्या गोड पाण्याच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला त्या कपाची किंमत तिथंच कळते.

त्याच पट्ट्यातल्या एका गावात मारुतीच्या पारावर मी कादंबरी उघडून बसलो होतो. कापूस वेचून बाया परतत होत्या. त्यातली एक म्हातारी ओटीतला कापूस सावरत थांबली आणि म्हणाली, “काय वाचून राह्यला रे बाप्पा?”

“पूर्णामायचं पुस्तक आहे, आजी.”

“पूर्णामायचं? वाच बरं मोठ्यानं.”

मी एक पान वाचलं. दांडेकरांनी ही कादंबरी वऱ्हाडी बोलीत लिहिली आहे. आजीनं मधेच हात वर करून मला थांबवलं आणि सोबतच्या बाईला म्हणाली, “मायबाई, हे त आपल्या घरचंच बोलनं होय!” आणखी एक पान झालं. तेवढ्यात एका शब्दापाशी तिनं पुन्हा थांबवलं. तो शब्द तिची सासू म्हणायची, आता कोणी म्हणत नाही, असं तिनं सांगितलं. मग पुस्तक बाजूला राहिलं आणि पूर्णामायच्या पुराच्या गोष्टी निघाल्या. कोणत्या साली पाणी कुठवर चढलं, कोणाची बैलजोडी वाहून गेली, कोणी पाण्यात उडी घेऊन कोणाला काढलं. नुसता सायकलवाला म्हणून मी त्या पारावर बसलो असतो तर मला गावाचं नाव आणि पुढचा रस्ता कळला असता. त्या पुस्तकामुळे मला घरातलं बोलणं ऐकायला मिळालं.

दांडेकर हे लिहू शकले याचं कारण त्यांनी आधी पायांनी वाट तुडवली होती. जन्म परतवाड्याचा, १९१६ चा. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, नर्मदेच्या काठानं हिंडले. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही, हा परिक्रमेचा दंडक. त्या वाटेतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली. आज अनेक मराठी माणसं नर्मदेची परिक्रमा सायकलनं करतात, आणि त्यांतल्या कित्येकांना तिची ओढ याच पुस्तकानं लावलेली असते. तिथं आश्रम आहेत, अन्नछत्रं आहेत, ‘नर्मदे हर’ म्हटलं की दार उघडतं. पूर्णेला आणि पैनगंगेला अशी परंपरा नाही. पण पूर्णेच्या काठानं जाताना गाडगेबाबा जागोजागी भेटतात. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी त्यांचं बालपण गेलं. ऋणमोचनला पूर्णेच्या घाटासाठी त्यांनी कष्ट उपसले. १९५६ च्या २० डिसेंबरला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ त्यांनी देह ठेवला, तेही पेढी या पूर्णेच्याच उपनदीच्या पुलापाशी. एका नदीच्या खोऱ्यात एवढं मोठं आयुष्य सुरू होऊन तिथंच संपलं, हे नकाशावर बोट फिरवून कळत नाही. ती अंतरं सायकलनं कापली की कळतं.

पैनगंगेची वाट वेगळी आणि लांबही. ती बुलडाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात निघते, मेहकरवरून रिसोड तालुक्यात येते, मग वाशीम आणि हिंगोली यांची सीमा होते. पुढे इसापूरचं धरण, सहस्रकुंडचा धबधबा आणि शेवटी चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेशी संगम. या वाटेसाठी मी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ घेतली. देशमुख बुलडाणा जिल्ह्यातलेच. कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला एकनाथ, नोकरीसाठी द्यायला पैसा नाही, शेती पुरत नाही, आणि या ताणात घर उसवत जातं. ही कादंबरी मी पूर्वी घरी वाचली होती. तेव्हा ती एका कुटुंबाची गोष्ट वाटली होती. सोयाबीनची सोंगणी झालेली रानं दोन्ही हातांना ठेवून, दर मुक्कामाला एक प्रकरण असं वाचलं, तेव्हा प्रत्येक गावात एक एकनाथ समोर येत गेला.

एका बॅरेजजवळच्या गावात रात्री शाळेच्या व्हरांड्यात थांबलो होतो. पहाटेच्या आधी एक तरुण बॅटरी घेऊन नदीकडे निघालेला दिसला. “या हप्त्यात रातची लाईन हाय,” तो म्हणाला. हरभऱ्याला पाणी द्यायला मोटार चालू करायची होती. सकाळी तो परत आला तेव्हा पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. माझ्याजवळचं पुस्तक उचलून त्यानं मलपृष्ठावरचा मजकूर उभ्याउभ्याच सगळा वाचला. तो पदवीधर होता. थोडा वेळ थांबून त्यानं विचारलं, “शेवटी काय होते याचं?” मी म्हटलं, ते तूच वाच. गावात ग्रंथालय आहे ना? तो म्हणाला, “होतं.”

ते ‘होतं’ माझ्यासोबत सहस्रकुंडापर्यंत आलं. महाराष्ट्रानं १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याखाली गावोगावच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान मिळतं. काही ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर ग्रंथपाल जीव ओतून काम करतात, हे मी पाहिलं आहे. काही ठिकाणी फळा आहे आणि कुलूप आहे. ज्या नदीकाठच्या माणसांवर लेखकानं अशी कादंबरी लिहिली, त्या काठावरच्या पोराला ती हाताशी मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. पुण्यामुंबईच्या कपाटात ती सुरक्षित आहे, पण तिची खरी जागा पैनगंगेच्या काठावर आहे.

आणि हे वाशीमनं तरी विसरू नये. आपलं गाव म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. इथला राजा सर्वसेन स्वतः कवी होता, त्यानं प्राकृतात ‘हरिविजय’ लिहिलं. राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तोही विदर्भातल्या याच वत्सगुल्मात. साहित्याचं लग्न ज्या गावात लागलं अशी कथा हजार वर्षांपूर्वी सांगितली गेली, त्या जिल्ह्यातल्या खेड्यात ग्रंथालय भूतकाळात जमा व्हावं, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून दोन गोष्टी मागतो. काटेपूर्णा, पैनगंगा आणि अडाण यांच्या काठावरच्या ग्रामपंचायतींनी आणि ग्रंथालयांच्या कार्यकारिणींनी ‘पूर्णामायची लेकरं’, ‘बारोमास’ आणि उद्धव शेळक्यांची ‘धग’ या तीन कादंबऱ्यांच्या निदान एकेक प्रती गावात ठेवाव्यात आणि त्या कपाटाला कुलूप लावू नये. तीन पुस्तकांचा खर्च कोणत्याही गावाला जड नाही. आणि वाचकांनो, तुमच्याकडे सायकल असेल, साधी चोवीस इंची असली तरी चालेल, तर या हिवाळ्यात आपल्या जवळच्या नदीच्या उगमापाशी जा आणि दोन दिवस तिच्यासोबत खाली उतरा. एक कादंबरी जवळ ठेवा. गावात कोणी “काय वाचून राह्यला?” असं विचारलं तर एक पान मोठ्यानं वाचून दाखवा. आणि परतताना ते पुस्तक त्याच गावात ठेवून या.