फाईल वर गेलीय

दोस्तांनो, अंधेरी पूर्वेला डोंगरउताराला आमची वस्ती. तिथली एक मावशी. नळावर तिला जातीवरून शिव्या घातल्या, हंडा फेकून डोकं फोडलं. अ‍ॅट्रॉसिटी लागली. आरोपपत्र गेलं. चार वर्षं झाली. परवा तिच्याबरोबर उपनगरातल्या एका सरकारी वकिलाच्या कचेरीत गेलो. कचेरीचं नाव घेत नाही. सगळ्यांचा वास सारखाच. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वर धूळ, खाली कारकून. मान वर न करता म्हणाला, "फाईल वर गेलीय."

मावशी म्हणाली, "वर म्हंजी कुठं रं भाऊ? माडीवर का सरगात?"

हसू नका. हा प्रश्न तिनं आपल्यालाच विचारलाय.

आपण समजतो, खटला कोर्टात हरतो. जज्ज त्यांचा, वकील फुटला, साक्षीदार दबला. हे असतंच. खर्ड्याच्या शाळकरी पोराला २८ एप्रिल २०१४ ला मारून टाकलं; नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, साक्षीदार एकामागून एक फितूर. पण फितुरीच्याही आधी खटला कपाटात मरतो. कसा, ते ऐका. फिर्यादीच्या जातीचा दाखला फाईलीला लागत नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं, म्हणजे मुंबईत एसीपीनं करायचा, असं १९९५ चे नियम सांगतात. त्याच्या नेमणुकीचा आदेशच गठ्ठ्यात नसतो. डॉक्टरचा कागद पोलीस ठाण्यात, पंचनामा दुसऱ्याच दप्तरात, साक्षीदाराचा पत्ता पाडलेल्या झोपडीचा. समन्स 'इसम मिळून आला नाही' म्हणून परत. मग कोर्ट म्हणतं, पुरावा नाही. पुरावा होता रे! उंदरानं खाल्ला. उंदराला जात नसते; कपाटाला असते.

सरकारी वकिलाच्या टेबलावर एका दिवशी ढीगभर प्रकरणं. त्याचीही कीव येते. पण आपली फाईल नेहमी ढिगाच्या तळालाच का?

गावगाड्यात शिवेचं भांडण लागलं की महाराची साक्ष शेवटची मानत. शीव कुठनं जाते हे त्याला ठाऊक. राबवायला आमची आठवण चालली. आणि आमच्यावरच्या जुलमाची आठवण ठेवायची वेळ आली की दप्तर गहाळ!

बाबासाहेबांकडे बघा. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना पाठ आहे. पण डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि तो १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात संपला, हे किती जणांना ठाऊक? सवर्ण म्हणत, अस्पृश्यांना बंदी ही अनादि काळाची वहिवाट. सिद्ध करता आली नाही त्यांना. ओंजळभर पाणी एका दिवसात प्यालो, ते पाणी कागदावर टिकवायला दहा वर्षं लागली.

आणि आज? घाटकोपरला माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबार झाला, दहा माणसं मेली. गोळीबार मिनिटांचा. अधिकारी दोषी ठरायला २००९ उजाडलं. खैरलांजीत २००६ मध्ये चार मुडदे पडले आणि २००८ च्या निकालात अ‍ॅट्रॉसिटी टिकली नाही. ९५ साली आलेल्या युती सरकारनं तर मराठवाड्यातले अ‍ॅट्रॉसिटीचे हजारावर खटले खोटे म्हणत काढून घेतले. खटला मागे घेण्याचा अर्ज कोर्टात कोण देतो? सरकारी वकील. म्हणजे आपला वकील!

आता म्हणतील, संगणक आलाय. येऊ द्या. जो कागद गठ्ठ्यात नाही तो पडद्यावर कुठनं येणार?

म्हणून निव्वळ घोषणा पुरे. कायद्यात २०१६ पासून कलम १५-अ आहे. प्रत्येक तारखेची, आरोपीच्या जामिनाचीसुद्धा खबर फिर्यादीला द्यायलाच पाहिजे; तिचं म्हणणं ऐकायलाच पाहिजे. २०२१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ही मेहेरबानी नाही, सक्ती आहे. आरोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवा, हेही कायदाच म्हणतो. विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा दर जानेवारी-जुलैत घ्या, असं नियम सांगतात. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत खटला मागे घेण्याआधी पीडिताचं ऐकणं भाग आहे. हे सगळं कागदावर आहे. आणि कागद त्यांच्या कपाटात आहे.

तर पोरांनो, वस्तीत एक वही घाला. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. प्रत्येक अ‍ॅट्रॉसिटीला चार पानं. एफआयआरची प्रत, ती फुकट मिळते. आरोपपत्राची प्रत. जातीचा दाखला. तपास अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा आदेश. कोर्टाचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर, त्यावर मोबाईलवर तारीख दिसते. साक्षीदार आज कुठं राहतो, कुठल्या नाक्यावर काम करतो. तारखेला दोघं जण मावशीबरोबर. कारकून म्हणाला 'वर गेलीय' की अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, शिक्का वहीत चिकटवा.

परवा मावशी जिना उतरताना म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. तू लिवून ठेव." पहिलं पान तिचं लिहिलंय. दुसरं कुणाचं, ते तुमच्या वस्तीत विचारा.

जयभीम.