गुळवेल : नाव बाजारात, रूप रानात

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात वनस्पती ओळखण्याचा मान शेळ्या-मेंढ्या व गुरे राखणाऱ्यांना आणि रानात राहणाऱ्यांना दिलेला आहे. नाव आणि रूप त्यांना ठाऊक, तिची योजना कशी करावी हे जाणणे वैद्याचे काम. नाव, रूप आणि गुण यांवाचून हाती आलेले औषध अनर्थाला कारण होते, असेही तेथेच बजावलेले आहे. पुढे कल्पस्थानात मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल आणि कंद शरदात, असे काढणीचे ऋतूही नेमून दिले. पुढचा इतिहास नाव, रूप आणि गुण या तिन्हींची फारकत होत गेल्याचा आहे.

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ताचा औषधींवरचा ग्रंथ छापला गेला, तेव्हा मलुपा नावाचा हिंदू वैद्य त्यातल्या संवादांत बोलताना तरी दिसतो. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’च्या बारा खंडांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे. परका ग्रंथकार निदान साक्षीदाराचे नाव लिहीत होता. १८७८च्या वनकायद्याने मात्र रान राखीव झाले आणि त्यातला जाणकार परवानगी मागणारा ठरला.

त्यानंतर तीस वर्षांच्या आतच, १९०७ मध्ये, शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने पहिले आयुर्वेद महासंमेलन नाशिकला भरले. परकीय सत्तेखाली हिणवल्या गेलेल्या शास्त्राला व्यासपीठ मिळाले, हे काम मोठेच होते. पण ती संघटना वैद्यांची होती. नाशिकजवळच्याच त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांतला, वनस्पती जाणणारा भगत तिच्या बाहेरच राहिला, आणि हे कुणाला फारसे खटकलेही नाही.

सर्पगंधेने पुढचा धडा दिला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा उपयोग जगापुढे मांडला, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले, आणि मागणी अशी उसळली की रानातली झुडपे मुळासकट उपटली गेली; १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. मुळी हेच औषध असले की काढणी म्हणजे झाडाचा शेवट, हे साधे गणित खरेदीदाराच्या वहीत नव्हते.

२०२०च्या कोरोनाच्या साथीत अशा मागणीची पाळी गुळवेलीवर आली. ही वेल पाहावी अशीच आहे. बोटाएवढे खोड आडवे कापले की आत बैलगाडीच्या चाकाचे आरे दिसतात. वरची साल कागदासारखी सुटते आणि खाली ओला हिरवा रंग निघतो. बुडाशी तोडली तरी दोऱ्यासारखी मुळे वरून जमिनीकडे सोडून ती जगते, म्हणून छिन्नरुहा. तिच्याच कुळातली दुसरी वेल मात्र करड्या खोडाची, फोडांसारख्या गाठींची, आणि कापली की दुधाळ स्राव देणारी. डोळ्यांना फरक पुरेसा आहे. चूर्णात ना आरे दिसतात, ना गाठी.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे-चूर्ण घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतांना इजा झाल्याचे नोंदवले; आयुष मंत्रालयाने गाठींच्या वेलीकडे बोट दाखवले. पण खरी गुळवेलही सगळ्यांना सोसतेच असे नाही, असा वैद्यकीय आक्षेप उरला आहे, आणि केवळ परंपरेच्या अभिमानाने तो झटकणे म्हणजे चरकालाच न वाचणे. उत्तम औषधही चुकीच्या योजनेने घातक होते, हे त्यानेच तर लिहिले.

२००६च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, मुळे आणि कंद यांची मालकी आदिवासींना कागदावर परत दिली. वैद्यांचे पहिले संमेलन जिथे भरले त्या नाशकात १९९८ पासून राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठही आहे. पण वेल विकायला आणणाऱ्याला पैसे मिळतात ते किलोवर. कोणती वेल सोडून कोणती तोडली, बुडाशी किती राखली, हे काट्यावर चढत नाही.