निजायच्या खोलीला दुसरी वाट हवी

दरवाजा हा घराचा मान. त्याला तोरण बांधतात, त्याच्या उंबऱ्याशी रांगोळी काढतात. खिडकीच्या वाट्याला असे काही येत नाही. तिने वारा आणि उजेड आत घ्यावा व चोराला बाहेर ठेवावे, एवढीच आपली तिच्याकडून अपेक्षा! वेळप्रसंगी तिने माणसाला बाहेरही जाऊ द्यावे, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही. तो शिवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार पुस्तकी नाही. माझे बाबा लोखंडी काम करतात. खालापूर तालुक्यात रस्त्याकडेला आमची पत्र्याची शेड आहे. तिथे खिडक्यांचे ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे तयार होतात. बाबा चौथीपर्यंत शिकले. सुट्टीत टेपचे दुसरे टोक मी धरते आणि मापे वहीत लिहिते. आठ सूत म्हणजे एक इंच, हे मी शाळेत नव्हे, शेडमध्ये शिकले.

गेल्या उन्हाळ्यात कर्जतच्या बाजूला एका बंगल्याचे काम आले. आपल्याकडे आता डोंगरउतारावर असे पुष्कळ बंगले उभे राहिले आहेत. रस्त्याच्या पातळीला दिवाणखाना आणि त्याच्याखाली, उतारात खणून काढलेली, तीन बाजूंनी मातीत गेलेली खोली. मालक तिला तळघर म्हणत नाहीत, ‘खालची खोली’ म्हणतात. तिथे राखणदाराचे कुटुंब निजणार होते. खोलीला दार एकच, तेही वरच्या जिन्याखाली उघडणारे. जिन्याखालीच विजेचा बोर्ड आणि गॅसची टाकी. चौथ्या भिंतीला छताजवळ दीड फुटाचा झरोका. त्याला पक्के गज बसवायला आम्हाला बोलावले होते.

बाबांनी विचारले, “शेठ, ही खिडकी थोडी मोठी करून जाळीला दार ठेवू का? आतून उघडणारे?” उत्तर आले, “कशाला? चोराची सोय करायची आहे का?” बाबा गप्प बसले. धंदा म्हटला की गप्प बसावे लागते. आम्ही गज बसवले, पैसे घेतले आणि घरी आलो. त्या पैशांतून माझी फी भरली गेली, हेही मी लपवत नाही.

पुढे पावसाळ्यात एका रात्री आमच्याच घरी मीटरच्या बोर्डातून ठिणग्या उडाल्या. मी आणि आजी आतल्या खोलीत निजलो होतो; बोर्ड दाराच्या बाहेर, अगदी चौकटीला लागून. क्षणात धूर आत आला. मी खिडकीकडे धावले आणि माझ्या हाताला लागले बाबांनीच बसवलेले गज! ज्यांच्या मजबुतीची वाखाणणी सारा गाव करतो, तेच. बाबांनी मेन स्विच बंद केला, प्रकरण तेवढ्यावर मिटले. पण ते मिनिट मी विसरू शकत नाही. चोरासाठी केलेला बंदोबस्त आमच्यावरच उलटला होता.

हा केवळ माझा भयगंड आहे काय? दुर्दैवाने नाही. ३० डिसेंबर २०१६ रोजी पुण्यात कोंढव्याच्या एका बेकरीला पहाटे आग लागली. आत निजलेले सहा कामगार मरण पावले. दाराला बाहेरून कुलूप होते. ३० ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात खाली दुकान आणि वर पोटमाळ्यावर बिऱ्हाड, अशा ठिकाणी आई-बाप आणि दोन मुले गेली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्यात निजलेले सहा कामगार दगावले. जागा निरनिराळ्या, गोष्ट एकच. ही माणसे निजलेली होती आणि जागी झाली तेव्हा त्यांच्यासाठी वाट उरली नव्हती.

आगीचे जे, तेच पाण्याचे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडाले. परवानगी गाड्या उभ्या करण्यासाठी आणि सामान ठेवण्यासाठी होती. तिथे बसले होते आपल्याच वयाचे विद्यार्थी. ऑगस्ट २०२२ मध्ये दक्षिण कोरियातील सोल शहरात अर्धवट जमिनीखाली असलेल्या घरात एका कुटुंबातील तिघी बुडाल्या. शेजारी धावून आले होते, पण खिडकीचे गज त्यांना निघेनात. त्यानंतर त्या शहराने अशा घरांना आतून उघडता येतील असे गज बसवायला सुरुवात केली. आपणही तिघी बुडाल्यावरच शहाणे व्हायचे का?

अमेरिकेत बहुतेक राज्ये जी घरबांधणीची संहिता वापरतात, तिच्यात निजायच्या प्रत्येक खोलीला आणि तळघराला सुटकेची वाट सांगितलेली आहे. मापे अगदी आमच्या शेडमधल्यासारखी स्पष्ट. उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट. रुंदी निदान २० इंच, उंची निदान २४ इंच. खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून वर नको. २० गुणिले २४ केले तर साडेतीन चौरस फूटही भरत नाहीत. म्हणजे एक बाजू लहान घेतली तर दुसरी वाढवावीच लागते. आतल्याने बाहेर पडावे आणि पाठीवर हवेची नळकांडी घेतलेल्या जवानाला आत शिरता यावे, असा हा हिशोब आहे. गज बसवायला तिथे मनाई नाही. मात्र ते आतून, किल्ली किंवा हत्यार न वापरता, उघडले पाहिजेत. खिडकीबाहेर मातीत खड्डा असेल आणि तो ४४ इंचांहून खोल असेल, तर त्याला शिडीही हवी.

कोणी म्हणेल, अमेरिकेचे नियम अमेरिकेत. इथे चोर आहेत, माकडे आहेत, साप आहेत. मान्य. पण बाबांकडे याला उत्तर आहे. अडीच फूट रुंद आणि तितकाच उंच भाग वेगळा घ्यायचा, दोन बिजागऱ्या लावायच्या, आतून कडी द्यायची. बाहेरून हात घालून कडी काढता येऊ नये म्हणून तिच्याभोवती पत्र्याचा तुकडा जोडायचा. चोर बाहेर राहतो, माणूस बाहेर पडतो. खर्च दोन बिजागऱ्यांचा आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा. कुलूप मात्र लावायचे नाही. धुरात किल्ली सापडत नसते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. खिडकीने दरड अडत नाही, हे मला कळते. पण मदतीला आलेल्या माणसांना डोंगर पायी चढावा लागला, हेही आपण सर्वांनी पाहिले. आपल्या आडवाटांवर मदत पोचायला वेळ लागतो. तोवर आतल्या माणसाला स्वतःच बाहेर पडता आले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. बांधकामाला परवानगी देताना निजायच्या प्रत्येक खोलीची दुसरी वाट नकाशात पाहिली जावी आणि जमिनीखालच्या खोलीला ती नसेल, तर तिथे माणूस निजवू नये. मालकाच्या झोपेला जेवढे मोल, तेवढेच राखणदाराच्याही झोपेला असावे. आणि मित्रमैत्रिणींनो, कायद्याची वाट पाहण्याआधी आज घरी गेल्यावर, वसतिगृहात गेल्यावर एकदा आपल्या खिडकीला हात लावून पाहा. ती उघडते का? तुम्ही तिच्यातून मावता का?

आमच्या आतल्या खोलीचे गज बाबांनी दुसऱ्याच दिवशी कापले. आता तिथे दार आहे. आजी रोज निजण्यापूर्वी त्याची कडी एकदा काढून पुन्हा लावते. कर्जतच्या त्या झरोक्याचे गज मात्र अजून तसेच आहेत. मापे माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात आहेत.