पावती नसलेला टॅक्स

होस्टेलवर रात्री अकरानंतर ज्या चर्चा रंगतात त्यात एक वाक्य हमखास येतं : "शेतकऱ्यांचं बरंय यार, एक रुपया टॅक्स नाही!" हे वाक्य टाकणाऱ्याचे वडील बहुतेक नोकरीत असतात. दर महिन्याला किती कापलं जातं ते त्याने पगाराच्या स्लिपवर स्वतः पाहिलेलं असतं. त्याचा राग खोटा नाही. पण मी याच तालुक्यातला, घरी कांदा. त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मेसचा घास घशात अडकतो. गेली दोन वर्षं मी वाद घालून थकलो, म्हणून आता संपादक मंडळाने दिलेल्या जागेत एकदाच काय ते लिहून टाकतो.

आधी आपल्या सगळ्यांच्या दुखण्याबद्दल. टॅक्स म्हणजे काय ते आपल्याला पहिल्यांदा कळतं ते फीच्या पावतीवर. अमुक फी, तमुक फी, लेट फी, आणि लेट फी का लागली हे विचारायला गेलं तर "उद्या या". २०२३ मध्ये होस्टेल आणि पीजीच्या भाड्यावर १२ टक्के जीएसटी लागतो असे निर्णय बंगळुरू आणि लखनौच्या प्रकरणांत आले होते. पुढे जून २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने महिना २० हजारांपर्यंतचं आणि सलग ९० दिवस राहणाऱ्याचं होस्टेलभाडं माफ केलं, म्हणून बाहेर रूम घेऊन राहणारे वाचले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या बैठकीनंतर सरकारने स्पष्ट केलं की विद्यापीठाच्या संलग्नता शुल्कावर मात्र १८ टक्के जीएसटी आहे. तो कॉलेज भरणार, आणि कॉलेज कुणाच्या जिवावर भरणार हे सांगायला इकॉनॉमिक्सचा पेपर द्यावा लागत नाही. पण तरीही ह्या सगळ्याला एक पावती असते. ती हातात धरून शिव्या घालता येतात, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो, निदान वर्तमानपत्रात पत्र पाठवता येतं.

शेतकरी जो टॅक्स भरतो त्याला पावतीच नाही.

१९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के ड्यूटी लावली. आज जाहीर, आजपासून लागू. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. टीव्हीवर समजावलं गेलं की ड्यूटी निर्यातदाराला आहे, शेतकऱ्याला नाही, शेतकऱ्याने काळजी करू नये. सिव्हिलच्या मुलांना मी एकच विचारतो. स्लॅबवर लोड टाकला तर तो स्लॅबवरच राहतो का? स्लॅबकडून बीमवर, बीमकडून कॉलमवर, कॉलममधून फूटिंगवर आणि तिथून शेवटी मातीत. इथेही तेच. समजा न्हावा शेवा बंदरात कांदा तीस रुपये किलोने पोचतो. त्यावर ४० टक्के म्हणजे बारा रुपये. परदेशातल्या गिऱ्हाइकाला आपला कांदा आता बेचाळीसला पडतो, आणि त्याच्यापुढे पाकिस्तानचाही कांदा असतो, इजिप्तचाही असतो. तो बेचाळीस कशाला देईल? निर्यातदार आपलं कमिशन सोडत नाही, जहाजवाला भाडं सोडत नाही, टोलनाक्यावर तर सुटे पैसेसुद्धा सोडत नाहीत. मग ते बारा रुपये निघतात कुठून? सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीभोवती घोळका करून व्यापारी जी बोली लावतात, त्या बोलीतून! काटा पट्टीवर हमाली लिहिलेली असते, तोलाई लिहिलेली असते. 'निर्यात शुल्क' असा रकाना त्या पट्टीवर कधीच नसतो. भाव कमी निघाला एवढंच वडील घरी येऊन सांगतात.

आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्यावरच लोड येतो, हेही लक्षात घ्या. व्यापारी आठ दिवस खरेदी बंद ठेवू शकतो. लाल कांदा आठ दिवस थांबत नाही. चाळीत टिकतो तो उन्हाळ, आणि त्याचंही वजन घटतं, सड होते, पावसाळ्यात कोंब येतात.

आता पुढची मालिका बघा. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ड्यूटी काढली आणि तिच्या जागी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणलं. म्हणजे ८०० च्या खाली विकायचाच नाही. मग ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. नेमका लाल कांदा बाजारात यायला लागला होता. महिना संपेपर्यंत भाव निम्म्याखाली गेले. ११ डिसेंबरला आपल्या चांदवडलाच मुंबई-आग्रा हायवेवर रास्ता रोको झाला, शरद पवार आले होते. त्या दिवशी हायवे जाम झाल्याबद्दल आजही लोक कुरकुरतात, पण तो कशासाठी जाम झाला होता ते विचारलं तर "काहीतरी कांद्याचं" एवढंच उत्तर मिळतं.

इथे एक सांगून ठेवतो, नाहीतर माझ्यावर कुठल्यातरी पक्षाचा शिक्का बसेल. २०१० च्या डिसेंबरातही अशीच निर्यातबंदी झाली होती, आणि तेव्हा केंद्रात कृषिमंत्री स्वतः पवारसाहेबच होते. २०१९ च्या सप्टेंबरात बंदी झाली ती मार्च २०२० पर्यंत चालली. पुन्हा १४ सप्टेंबर २०२० ला बंदी. ह्या शेवटच्या तारखेची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. त्याच वर्षी जून महिन्यात सरकारने अध्यादेश काढून सांगितलं होतं की कांदा-बटाटा आता आवश्यक वस्तूंच्या कायद्याच्या जाचातून मोकळा, अगदी असाधारण परिस्थिती सोडली तर हात लावणार नाही. ते विधेयक राज्यसभेत मंजूर झालं २२ सप्टेंबरला, म्हणजे निर्यातबंदी घालून आठ दिवस झाल्यावर! ऑक्टोबरात वर आणखी साठ्याची मर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळवाल्याला २ टन. सरकार बदललं काय, कायदा बदलला काय, कांद्याच्या बाबतीत सगळे एकाच क्लासमधून पास झालेले.

२०२३ ची बंदी ४ मे २०२४ ला उठली. पण उठली म्हणजे काय? किमान मूल्य ५५० डॉलर, आणि त्यावर पुन्हा ४० टक्के ड्यूटी. कॅल्क्युलेटर काढा : ७७० डॉलर टनाला, त्या वेळच्या डॉलरने किलोला जवळजवळ ६४ रुपये. ह्याच्या खाली कांदा देशाबाहेर जाऊच शकत नव्हता. दार उघडलं, पण उंबरठा छातीएवढा केला. आमच्या दिंडोरी मतदारसंघात २० मे ला मतदान होतं, त्याआधी सोळा दिवस हा उंबरठा बांधला गेला. निकाल काय लागला ते सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, ड्यूटी २० टक्के झाली. नोव्हेंबरमध्ये विधानसभा होती. १ एप्रिल २०२५ पासून ती २० टक्केही गेली. म्हणजे पावणेदोन वर्षांत आमच्या एका पिकाचे नियम सहा वेळा बदलले, आणि बंधन घालताना एकदाही आधी सांगून नाही.

"पण शहरातल्या गरिबाने काय खायचं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. मेसमध्ये कांदा महागला की ताटातून पहिला कांदा गायब होतो. (स्वस्त झाल्यावर मेसचं बिल कमी झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. असो!) गरिबाला कांदा स्वस्त मिळावा असं देशाला वाटत असेल तर देशाने तिजोरीतून पैसे घालावेत. आणि तसं करता येतं. २०२३ च्याच ऑगस्टमध्ये नाफेड आणि एनसीसीएफमार्फत क्विंटलला २४१० रुपयांनी कांदा घ्यायचं ठरलं, आणि शहरांत तो २५ रुपये किलोने विकला गेला. ह्यात फरक पडला तो सरकारने भरला, तो बजेटमध्ये दिसतो, त्यावर संसदेत कुणी प्रश्न विचारू शकतं. फक्त हे काम साठा ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेण्यापुरतं होतं, आणि त्या वर्षी देशात कांदा झाला होता सुमारे ३०० लाख टन. बाकी सगळ्या स्वस्ताईचं बिल फाडलं गेलं ते नाशिक, नगर, पुणे, सोलापूरच्या शेतकऱ्यांच्या नावाने.

ह्याला शरद जोशींनी एक शब्द दिला होता : उणे सबसिडी. सबसिडी म्हणजे सरकार देतं, उणे सबसिडी म्हणजे भाव पाडून सरकार काढून घेतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन आपल्या ह्याच चांदवडला झालं. महाराष्ट्रभरातून बायका आल्या होत्या. गावात जुनी माणसं अजून त्याबद्दल बोलतात, पण कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये रंगमहाल, रेणुकामाता आणि किल्ल्यावर निबंध येतात, ह्या अधिवेशनावर एकही येत नाही. जोशींचं म्हणणं तेव्हा अनेकांना अतिशयोक्ती वाटायचं. २०१८ मध्ये ओईसीडी आणि इक्रियर ह्या संस्थांनी हिशोब मांडला तेव्हा निघालं की २००० ते २०१६ ह्या काळात खतं, वीज वगैरे सगळी मदत धरूनही भारतीय शेतकरी सरासरी उण्यातच होता, एकूण उत्पन्नाच्या सुमारे १४ टक्के. होस्टेलवरच्या आमच्या मित्राला हा आकडा सांगितला तर म्हणाला, "हे इंटरनेटवर कुणीही टाकतं." त्याला लायब्ररीत नेऊन दाखवायचं बाकी आहे.

आणि सरळ सरळ टॅक्सही आहेच की. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी, खतावर ५. ठिबक आणि ट्रॅक्टरवर १२ होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ वर आला, हे चांगलं झालं. पण दुकानदार किंवा कारखानदार असता तर त्याने भरलेला जीएसटी पुढच्या विक्रीत वळता केला असता. कांदा करमुक्त, म्हणून आमचा भरलेला कर वळता होत नाही. करमुक्त असण्याचा हा असाही तोटा असतो!

कापून घेताना सरकार पिकाचा पुरावा मागत नाही. देताना मागतं. २०२३ मध्ये फेब्रुवारी-मार्चला विकलेल्या लाल कांद्यासाठी राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, जास्तीत जास्त २०० क्विंटल. अट काय, तर सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद हवी. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, पट्टी वडिलांच्या नावाची, आणि नोंदीच्या दिवसांत आमच्या शिवारात मोबाईलला रेंज नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात चार चकरा झाल्या. काकांनी तर तिसऱ्या चकरेला फाईल घरी आणून कपाटावर ठेवून दिली, म्हणाले, पेट्रोल जास्त झालं. ज्या महिन्यांचं हे अनुदान, त्याच फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचा दोन रुपयांचा चेक मिळाला होता. तो पेपरात आला, सगळ्यांनी फॉरवर्ड केला. तेव्हा ह्याच होस्टेलवर "अरेरे" झालं होतं.

मी अनुदान मागत नाही. कर्जमाफीवरही लिहीत नाही, तो वेगळा विषय. माझी मागणी आपल्या विद्यापीठाकडून उचललेली आहे. विद्यापीठाला आपण किती नावं ठेवतो, पण २०१५ पॅटर्न जाऊन २०१९ पॅटर्न आला तेव्हा तो नव्या बॅचला लागला, जुनी मुलं जुन्याच पॅटर्नने सुटली. सेमिस्टरच्या मध्यावर, सबमिशन तोंडावर असताना कुणी सिलॅबस बदलला असता तर आपण प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसलो असतो की नाही? कांद्याचंही तेवढंच करा. उन्हाळ कांद्याचं उळं पडतं ऑक्टोबर-नोव्हेंबरला, लागण डिसेंबर-जानेवारीला, काढणी एप्रिलला, आणि चाळीतून तो पुढच्या दिवाळीपर्यंत निघत असतो. ज्या पॅटर्नमध्ये लागण झाली त्याच पॅटर्नमध्ये विक्री होऊ द्या. ड्यूटी लावायचीच असेल तर पुढच्या हंगामाला लावा, आणि लागणीच्या आधी सांगा. मग ज्याला परवडेल तो कांदा लावेल, नाही तो मका लावेल.

आधी सांगा म्हणणारे आम्ही एकटेच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. बंदी होऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांनी भर सभेत हसत हसत सांगितलं की आपल्या आचाऱ्याला आता कांदा घालू नको म्हटलंय, आणि भारताने जरा आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या देशाच्या पंतप्रधानाला जिथे कळवलं जात नाही, तिथे चांदवडच्या शेतकऱ्याला कोण कळवणार?

ड्यूटी गेली ती एका नोटिफिकेशनने गेली, आणि यायची तर तशीच एका संध्याकाळी येईल. त्यामुळे आमच्याकडे लागणीचा हिशोब आता वेगळ्याच पद्धतीने होतो. रोप किती, पाणी किती, लागणीची मजुरी काय, हे सगळं वडील स्वतः ठरवतात. मला फोन करतात ते फक्त एक गोष्ट विचारायला : "पेपर वाचतो ना रे तू? पुढच्या उन्हाळ्यात कुठं निवडणूक आहे का, तेवढं बघून सांग."